चार हप्ते, एक पगार

(पैशापाण्याचे प्रश्न विचारणारी पत्रं आणि मेसेज या पानावर घेतो. नावं छापत नाही. उत्तर देणाऱ्या ताईंनी एका पतसंस्थेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढली आहेत.)

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इचलकरंजीत राहतो, मालक मागावर आहेत आणि मी घरी कांड्या भरते, दोघांचं मिळून महिन्याला साडेसतरा हजार होतात पण माग बंद राहिले की तेवढेही नाहीत. फायनान्स कंपनीच्या गटाची तीन लोनं आहेत, पहिलं सासूबाईंच्या ऑपरेशनला घेतलं, दुसरं पहिल्याचे हप्ते थकले म्हणून, तिसरं जावेच्या नावावर पण पैसे मीच वापरले. हप्ते २१५०, १९०० आणि २६००. शिवाय गल्लीतल्या एकाकडून २० हजार घेतलेत शेकडा दहानं, त्याला महिन्याला दोन हजार व्याज, चौदा महिने झाले देतेय, मुद्दल आहे तसंच. त्याच्याकडं सही केलेला कोरा चेक आहे. आता गटाचे एक सर म्हणतात अजून ६० हजाराचं मोठं लोन देतो, त्यात सगळी लहान लोनं भागवा. घेऊ का? पाऊण तोळ्याची बोरमाळ आहे तेवढीच, ती मोडू नको असं आई म्हणते.

उत्तर : ताई, ६० हजार घेऊ नका. हे आधी सांगते, कारण पत्र पोचून छापून येईपर्यंत त्या सरांनी तुमची सही घेतलेली असायची. दुसरं लोन तुम्ही पहिल्यासाठी घेतलं आणि तिसऱ्यासाठी जावेला मधे घातलं, मग हे चौथं कशासाठी असेल ते तुम्हीच सांगा.

आता एक कागद घ्या, मुलाच्या वहीचं मागचं पान चालेल, आणि त्यावर चारही देणी लिहा. कुणाचं, किती राहिलंय, महिन्याला किती जातात आणि शेवटच्या रकान्यात शंभराला वर्षाचं व्याज किती. पतसंस्थेत असताना मी कितीतरी बायकांना हे लिहायला लावलं आणि दर वेळी बघितलं की हप्ता सगळ्यांना तोंडपाठ असतो, तो शेवटचा रकाना मात्र कोरा. तुमचा मी भरते. गटाची लोनं साधारण चोवीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतात, कार्डावर दर छापलेला असतो तो बघून घ्या. आणि गल्लीतला? शेकडा दहा म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला एकशेवीस! ऐकायला 'दहा' वाटतं म्हणून तर ते महिन्यानं बोलतात. तुम्ही त्याला चौदा महिन्यांत २८ हजार दिलेत, २० हजारावर, आणि अजून २० हजार देणं आहेच. साडेसतरातून चारही हप्ते म्हणजे ८६५० गेले की हातात ८८५० राहतात. भाडं तुम्ही लिहिलं नाही, ते जाऊन गॅस, लाईटबिल, किराणा आणि पोरांची शाळा यांना काय उरत असेल ते मला न लिहिताही कळतंय.

तेव्हा आधी हा गल्लीतला संपवायचा. गटाचे सर दारात येऊन बसतात म्हणून त्यांचा हप्ता आधी जातो आणि हा गोड बोलतो म्हणून याचं चालू राहतं, पण घर हाच पोखरतोय.

बोरमाळ मोडू नका, आईचं खरं आहे. पण गहाण ठेवा, राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा जिल्हा बँकेत, सोनाराकडं नाही. सोन्याचा आजचा भाव बघता पाऊण तोळ्यावर २० हजार सहज मिळतात, जास्त देतो म्हणाले तरी २० च घ्यायचे, हे पक्कं ठरवून जा कारण काउंटरवरचा माणूस 'अजून बसतात, घ्या की' म्हणतोच (मीही म्हणायचे, टार्गेट असायचं). दर बँकेत विचारा. वर्षाला बारा टक्के धरले तर पहिल्या महिन्याचं व्याज दोनशे रुपये, आज तुम्ही दोन हजार देताय. आणि जे दोन हजार त्याला देत होता तेच दर महिन्याला बँकेत भरत गेलात तर अकराव्या महिन्यात बोरमाळ घरी येते. बँक म्हणेल वर्षाच्या शेवटी एकदम भरा, तसं करू नका, कारण वर्षाच्या शेवटी एकदम २२ हजार कुठून आणणार, आणि नाही भरले की लिलावाची नोटीस येते. मधे थोडे थोडे भरले तर घेतात का, हे सही करायच्या आधी विचारून घ्या.

पैसे हातात आले की त्याच्याकडं एकटं जायचं नाही. मालक आणि गल्लीतला एखादा वजनदार माणूस बरोबर न्या, मुद्दल द्या, कोरा चेक परत घ्या आणि तिथंच फाडा, 'सगळा हिशेब मिटला' असं त्याच्या सहीनं लिहून घ्या. घरी शोधून देतो म्हणाला तर शोधेपर्यंत पैसे आपल्याच पिशवीत. तो कोरा चेक साधा नाही, उद्या त्यानं वाटेल तो आकडा टाकून बँकेत लावला आणि बाऊन्स झाला तर चेकची केस तुमच्यावर येते.

आडवा आला तर मग कायद्याचं बोला. आपल्याकडं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे, त्यात लायसनशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, चक्रवाढ व्याज चालत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्या जुन्या लोकांचा दामदुपटीचा नियम म्हणतात तोच. तुमचं व्याज मुद्दलाच्या कधीच वर गेलंय. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात करायची. फोनपेवरून दिलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, रोख दिलेल्याची तारीखवार यादी करा. मला माहीतेय की तो रोज नळावर भेटणारा माणूस आहे आणि सरकारी ऑफिसात जायचं म्हणजे गल्लीत वैर, म्हणून हे दुसऱ्या नंबरला सांगितलं.

आता गटाचं. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे असलं बिनतारणाचं लोन देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तुमचे गटाचे तीन हप्ते ६६५०, निम्मं उत्पन्न ८७५०. म्हणजे कागदावर सगळं नियमात बसतं बघा! गल्लीतले दोन हजार कुठल्याच कॉम्प्युटरला दिसत नाहीत, आणि जावेच्या नावावरचा हप्ता तर तिच्या घराच्या खात्यात धरलेला. म्हणून निम्म्याचा हिशेब सरांवर सोडायचा नाही, तो आपला आपण करायचा.

सर सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येऊ शकत नाहीत, शिवीगाळ नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगणं नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, सगळ्या लोनवर नाही. आणि मुदतीआधी लोन बंद केलं तर त्याचा वेगळा चार्ज नाही. त्रास झाला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, माहितीसाठी फोन १४४४८.

एक मात्र खरं की मीटिंगला एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्या नऊजणींना बसवून ठेवतात आणि मग सरांपेक्षा बायकाच जास्त बोलतात. त्यावर नियम नाही चालत. माग बंद पडणार असं दिसलं की हप्त्याच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी गटाच्या प्रमुख बाईंना सांगा, अर्धा तरी भरा आणि पावती घ्या. कार्डावर सही झाल्याशिवाय नोट हातातून सोडायची नाही. आणि 'गटाची लोनं माफ होणारेत, पाचशे रुपये भरून फॉर्म द्या' म्हणणारा कुणी आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

प्रश्न : मॅडम मी पुण्यात डिलिव्हरी करतो, वय २७, पेट्रोल वजा जाता पंधरा-सोळा सुटतात. क्रेडिट कार्डचे ३८ हजार थकलेत, दर महिन्याला मिनिमम ड्यू १९०० न चुकता भरतो तरी आकडा हलतच नाही, बँकेची चूक आहे का? मधे एका ॲपवरून पाच हजार घेतले, हातात ३४०० च आले आणि सात दिवसांत पाच मागत होते, ते भरले तरी आता फोटो एडिट करून कॉन्टॅक्टमधल्या लोकांना पाठवू म्हणून धमकी देतायत.

उत्तर : तुला अरेतुरे करते, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

आधी ॲप. आणखी एक रुपयाही द्यायचा नाही, दिलास की मागणी वाढते. धमकीचे मेसेज, नंबर, ज्या यूपीआयवर पैसे गेले ते, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ आणि १९३० वर फोन कर, सायबर पोर्टलवर तक्रार टाक. ॲप काढायच्या आधी त्याच्या परवानग्या बंद कर. जवळच्या चार-पाच लोकांना तूच सांगून टाक की असं असं झालंय, काही आलं तर उघडू नका. लाज वाटेल, पण एकदा तूच सांगितलंस की त्यांच्या हातात काय राहतं? नियमानं लोनच्या ॲपला तुझे कॉन्टॅक्ट आणि गॅलरी बघायची परवानगीच नाही, मागितली तिथंच ओळखायचं. ३४०० देऊन आठवड्यात ५००० म्हणजे सात दिवसांत सत्तेचाळीस टक्के, वरच्या ताईंचा गल्लीतला माणूस यांच्यापुढं संत म्हणायचा.

कार्डात बँकेची चूक नाही, गणितच तसं आहे. बहुतेक कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ३८ हजारावर ते झाले १३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून २३९. झाले १५६९. तू भरतोस १९००. म्हणजे मुद्दलातून गेले फक्त ३३१ रुपये! आणि एवढ्यात तू त्याच कार्डवर पेट्रोल भरलंस की ते पण गेले. शिवाय जुनी थकबाकी असताना नवीन खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू.

कार्ड घरी डब्यात ठेव, ॲपमधून पण काढून टाक. मग कस्टमर केअरला फोन करून सांग की पूर्ण थकबाकी ईएमआयमधे करून हवी. दर सोळा-अठराच्या घरात मिळाला तर बघ गंमत, १८ टक्क्यानं दोन वर्षांसाठी ३८ हजाराचा हप्ता बसतो १८९७. जीएसटी धरून थोडा वर जाईल. म्हणजे आज जेवढे भरतोस जवळपास तेवढ्यातच चोवीस महिन्यांनी खातं शून्य. प्रोसेसिंग फी किती ते विचारून घे, आणि हप्त्याची तारीख तुझा पेआउट आल्यानंतर दोन दिवसांनी मागून घे, नाहीतर ऑटोपे बाऊन्स होऊन दोन्हीकडून दंड.

'सेटलमेंट करून टाका, निम्म्यात मिटवतो' असे फोन येतील. खरोखर भरणं अशक्य झालं तरच तो रस्ता, कारण सिबिलमधे, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या रेकॉर्डमधे, 'सेटल्ड' असं लागतं आणि पुढं गाडीचं लोन घ्यायला गेलास की तेच समोर येतं. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, काढून बघ, त्या ॲपनं तुझ्या नावावर अजून काही चढवलंय का तेही कळेल.

प्रश्न : मेव्हण्याला पतसंस्थेत जामीन राहिलो, तो हप्ते भरत नाही. आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडं या असं मी म्हणू शकतो का? (नांदेड)

उत्तर : म्हणू शकता, ते ऐकणार नाहीत. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी त्याच्याकडंच गेलं पाहिजे असं बंधन संस्थेवर नाही, आणि पगारदार जामीन असला की संस्था आधी तिकडंच बघते. मी स्वतः एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते, बावीस महिने पगारातून कापून गेले आणि तो मात्र लग्नकार्यात भेटला की 'काय म्हणताय मॅडम' म्हणायचा. आत्ता एवढंच करा, संस्थेत जाऊन थकबाकीचा उतारा घ्या, मेव्हण्याला घेऊन बसा आणि हप्ते पाडून मागा. तुम्ही भराल त्याची पावती तुमच्या नावानं घ्या, ते पैसे त्याच्याकडून मागायचा तुम्हाला हक्क आहे. बायकोला आधी सांगा, तिच्या भावाचं प्रकरण आहे, तिला दुसऱ्याकडून कळायला नको.

प्रश्न : मी दिव्याला राहते, चार घरची कामं करते, लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात त्यातले पाचशे बाजूला पडू शकतात. ओळखीतला एजंट वीस वर्षांची पॉलिसी घ्या म्हणतोय, बिल्डिंगमधे भिशी पण आहे. काय करू?

उत्तर : वीस वर्षांची पॉलिसी नको. दोन-तीन वर्षांत कधीतरी काम सुटतं, हप्ते थांबतात, आणि मग भरलेले पैसे पूर्ण परत मिळत नाहीत. भिशीवाल्या बाईला तुम्ही किती वर्षं ओळखता त्यावर आहे, आणि ओळखत असलात तरी पहिल्या चार-पाच नंबरात उचलायला मिळत असेल तरच. शेवटच्या नंबराला थांबलेल्यांची भिशी बुडालेली मी जास्त बघितलीये. पोस्टात आरडी काढा, महिन्याला शंभरापासून होते, आधी तीनशेचीच काढा म्हणजे एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तरी चुकणार नाही. बाकीचे दोनशे खात्यातच राहू देत, पोर तापलं की त्यासाठी कुणाकडं हात पसरायला नको.

आणि बँकेत विचारून दोन विमे चालू करून घ्या, अपघाताचा वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योतीचा ४३६, दोन्हीत घरच्यांना दोन-दोन लाख मिळतात. जीवन ज्योतीला वय पन्नासपर्यंतच घेतात. वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते घरात सांगून ठेवा, नाहीतर विमा होता हेच कुणाला माहीत नसतं. पैसे दर वर्षी मे संपताना आपोआप कापतात, तेव्हा खात्यात ४५६ रुपये हवेत. तेवढे नसले तर विमा बंद पडतो आणि कुणी फोन करून सांगतही नाही.