वाचकांचे प्रश्न : जपानी, एक्स्चेंज आणि पुढे काय?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड) एन४ पास झाले आहे. कॉलेजच्या करारातून जपानमधल्या विद्यापीठात एक वर्ष शिकायला मिळणार आहे. मला दुभाषी व्हायचंय. एवढ्या काळात तयारी होईल का?

उत्तर : एका वर्षात कोणी दुभाषी होत नाही. पण ते काम आपल्याला आवडतं का आणि झेपतं का, याचा निकाल वर्षभरात लागू शकतो. तो लागेल अशा बेताने वर्ष आखा.

पोहोचल्यावर भाषेची स्तर-चाचणी होते आणि त्यावरून वर्ग ठरतो. एन४वर गेलात तर बहुतेक वेळ भाषावर्गातच जाईल. एन३च्या जवळ पोहोचून गेलात, तर दुसऱ्या सत्रात जपानी मुलांसोबत एखाद्या विषयाच्या वर्गात बसता येईल. म्हणून निघण्याआधीचे महिने कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हं) आणि ऐकण्याच्या सरावाला द्या.

वर्ष वाया जातं ते बहुधा वसतिगृहात. परदेशी विद्यार्थी एकत्र राहतात, आपसात इंग्रजी बोलतात आणि जपानी दुकानातल्या काउंटरपुरती उरते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे सर्कल, अर्थात विद्यार्थ्यांची हौशी मंडळं. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि सर्कलवाले नवे सभासद गोळा करतात तेही तेव्हाच. तुम्ही सप्टेंबरात पोहोचणार असाल तर कोणी बोलवायला येणार नाही. सरावाची जागा आणि वेळ विचारून घ्या आणि सरळ तिथे जा. शरद ऋतूत विद्यापीठाचा महोत्सव असेल तर त्याच्या तयारीला माणसं हवीच असतात, तिथून शिरकाव सोपा. खेळाच्या सर्कलमध्ये ठरावीक वीस वाक्यांवर वर्ष निभतं. नाटक किंवा वार्तापत्र काढणाऱ्या मंडळात मात्र बोलल्यावाचून काम पुढे सरकत नाही, म्हणून आमचा कल तिकडे.

आता दुभाषाच्या कामाची परीक्षा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांची जपानी मुलाखत निवडा. तीस सेकंद ऐका, थांबवा, ऐकलेलं मोठ्याने मराठीत सांगा आणि ते रेकॉर्ड करा. पुढच्या आठवड्यात हेच इंग्रजीत करा. नंतर मूळ मुलाखतीशी ताडून पाहा. चुका मुख्यतः तीन ठिकाणी सापडतील : न उच्चारलेला कर्ता, वाक्याच्या शेवटी येणारा नकार आणि आकडे. क्रियापद मराठीतही शेवटीच येत असल्याने मराठीत सांगताना नकार फारसा अडवत नाही. इंग्रजीत वाक्य सुरू करून बसलात आणि नकार नंतर ऐकू आला, की पंचाईत होते. आकड्यांची अडचण वेगळी आहे. जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चढते. दहा हजार म्हणजे एक मान, एक लाख म्हणजे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान आणि दहा कोटी म्हणजे एक ओकु. हे विचार न करता तोंडात येईपर्यंत घोटायला हवं.

सहा महिन्यांनी हा सराव नकोसा वाटू लागला, पण लेखी मजकूर उलगडताना वेळ कसा जातो ते कळत नसेल, तर अनुवादाचा विचार गांभीर्याने करा. दुभाषी आणि अनुवादक हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. कोणताही एक दुसऱ्यापेक्षा कमी नाही.

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर शाखेत आहे. एन२ मिळाली की जपानमध्ये नोकरी पक्की, असं तिला सांगितलं जातं. खरं आहे का?

उत्तर : नाही. अभियंता म्हणून काम करण्यासाठीचा निवासाचा दर्जा देताना शिक्षण आणि काम यांचा मेळ पाहिला जातो. भाषेचं प्रमाणपत्र पदवीची जागा घेत नाही. उच्चकुशल व्यावसायिकांना सवलतीचा निवासाचा दर्जा ज्या गुणपद्धतीने मिळतो, तिच्यात ७० गुण लागतात. त्यात एन१चे १५ आणि एन२चे १० गुण धरले जातात. भाषेचं वजन यावरून लक्षात येईल.

शिवाय जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही. एन२ला १८०पैकी ९० गुण आणि तिन्ही विभागांत प्रत्येकी ६०पैकी किमान १९ पुरतात. वाचनाच्या जोरावर पास झालेली व्यक्ती मुलाखतीत गप्प होते ती यामुळे. मुलीच्या गुणपत्रिकेत ऐकण्याचे गुण वेगळे पाहा.

तिला एक्स्चेंज मिळालं तर भरतीचं वेळापत्रक जवळून समजेल. सरकारी संकेतानुसार तिसरं वर्ष संपताना १ मार्चपासून कंपन्यांची माहितीसत्रं, १ जूनपासून मुलाखती, १ ऑक्टोबरला औपचारिक नियुक्ती आणि पुढच्या १ एप्रिलला रुजू, असा क्रम आहे. कित्येक कंपन्या त्याआधीच इंटर्नशिपमधून उमेदवार हेरतात. ‘विद्यार्थिदशेत कशावर मेहनत घेतली’ हा प्रश्न भरतीच्या अर्जात हमखास येतो. त्याचं चारशे अक्षरांचं उत्तर तिथेच लिहून विद्यापीठाच्या करिअर सेंटरमध्ये तपासून घ्यायला सांगा.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळेकडून दहा दिवस जपानला जाणार आहे. किती भाषा यायला हवी?

उत्तर : हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिपी, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आणि दोन मिनिटांची स्वतःची ओळख. यजमान कुटुंबाला दाखवायला घरच्यांचे पाच-सहा फोटो न्यावेत. दहा दिवसांवरून करिअर ठरवू नका.

प्रश्न : वर्षभर जपानमध्ये राहून आले. मित्रमैत्रिणींशी सहज बोलते, तरी जपानी कंपनीच्या मुलाखतीत अडखळले. असं का झालं?

उत्तर : तुम्ही शिकलात ती दोस्तांची भाषा, क्रियापदांची साधी रूपं. मुलाखतीत निदान ‘देसु-मासु’, म्हणजे सभ्य बोलण्याची रूपं, सलग टिकायला हवं आणि कंपनीत केइगो, म्हणजे आदर आणि नम्रतेची रूपं. मराठी माणसाची इथे एक ठरलेली चूक होते. आपण वडीलधाऱ्यांचा उल्लेख कोणापुढेही आदरार्थीच करतो. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबांच्या नावाला ‘सान’ हा आदराचा प्रत्ययही लावायचा नाही आणि क्रियापद नम्रतेचं घ्यायचं : ‘तानाका वा गाइशुत्सु शिते ओरिमासु’, म्हणजे तानाका बाहेर गेलेत. बाहेरचा माणूस, समजा ग्राहक, कुठे आहे हे सांगताना मात्र आदराचं क्रियापद, ‘इराश्शाइमासु’. फोन घेणं, निरोप लिहून घेणं आणि भेटीची वेळ बदलणं, हे तीन प्रसंग जोडीदाराबरोबर महिनाभर रोज भूमिका बदलून बोला. केइगोची पाठ केलेली कोष्टकं फोनवर आठवत नाहीत.