रक्तातील प्रथिनांवरून रानटी बबूनच्या कळपांतील आनुवंशिक फरक कसा ओळखतात?

शेजारशेजारच्या कळपांतील बबून (आफ्रिकेतील मोठी माकडे) दिसायला सारखेच असतात, मग नुसते रक्त तपासून त्यांच्यातील आनुवंशिक फरक कसा कळतो, असे आपण विचारले आहे. विद्यार्थिदशेत मी स्टार्चच्या जेलवर, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरावर, प्रथिने वेगळी केली आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

रक्तद्रवात भिजवलेला कागदाचा बारीक तुकडा जेलमधील चिरेत खोचतात आणि वीजप्रवाह सुरू करतात. प्रत्येक प्रथिन आपल्या विद्युतभाराप्रमाणे आणि आकारमानाप्रमाणे कमी-अधिक अंतर सरकते. नंतर जेल रंगवून धुतली, की पट्टे उमटतात. लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनचे पाहा: आईबापांकडून जनुकाचे एकच रूप आले असेल तर एक ठळक पट्टा दिसतो, निरनिराळी रूपे आली असतील तर दोन. शास्त्रज्ञ ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडली, आणि एकेका प्राण्याचे जनुकरूप असे डोळ्यांनी वाचता येऊ लागले.

खरा प्रश्न यापुढचा आहे: कळपाकळपांतील फरक कसा दिसतो? पिवळ्या आणि ऑलिव्ह या बबूनच्या जातींमध्ये माद्या सहसा जन्मकळपातच राहतात आणि नर वयात आल्यावर दुसऱ्या कळपात जातात. म्हणून शेजारच्या कळपांत बहुधा तीच रूपे आढळतात, फक्त त्यांचे प्रमाण बदलते. कळप लहान असतो आणि एखादा वरचढ नर बऱ्याच पिलांचा बाप होऊ शकतो, हेही प्रमाण बदलण्याचे एक कारण आहे. हमद्रयास या आणखी एका जातीच्या बबूनमध्ये मात्र नर सहसा आपल्याच समूहात राहतात आणि गटागटांत माद्यांची अदलाबदल अधिक होते. इथिओपियातील अवाश नदीच्या परिसरात ऑलिव्ह आणि हमद्रयास यांचा संकर होतो. तिथले प्रमाण वाचताना कोण कुठून आले हे आधी पाहावे लागते, नाहीतर आकडे दिशाभूल करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. प्रथिनाचा घटक असलेले एखादे अमिनो आम्ल बदलूनही विद्युतभार तोच राहिला, तर पट्टा बहुधा जागचा हलत नाही. म्हणजे सारखे पट्टे हा सारख्या जनुकाचा पुरावा नव्हे आणि या पद्धतीने मोजलेली विविधता खऱ्यापेक्षा कमीच भरते. शिवाय रक्तासाठी जनावर पकडावे किंवा बेशुद्ध करावे लागते. केनियातील अंबोसेली येथे १९७१ पासून बबूनचा अभ्यास सुरू आहे. तिथे आता विष्ठेतून मिळणाऱ्या डीएनएवरूनही पिलांचे पितृत्व ठरवतात.