नेरूळला बंगल्याच्या अंगणात कॉर्टेन स्टीलच्या कुंड्या करायच्या आहेत. त्याचा गंज खरंच आपोआप थांबतो का?

थांबतो. कॉर्टेन म्हणजे असं स्टील, की वरचा गंजच घट्ट थर होऊन पुढचा गंज अडवतो. पण पत्रा मधूनमधून वाळला तरच. आता जून ते सप्टेंबर नेरूळला काय वाळतं ते तुम्हीच सांगा. आमच्याकडे बनियनसुद्धा पंख्याखाली वाळतात.

माझं तुर्भ्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सात वर्षांपूर्वी सीवूड्सला खाडीच्या अंगाला एका रो-हाउसचं काम मिळालं. सहा फुटी चार कुंड्या. आर्किटेक्टसाहेबांनी मोबाइलवर अमेरिकेत इलिनॉयमधल्या जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या ऑफिसचा फोटो दाखवला, आर्किटेक्ट एरो सारिनेनचं १९६४ चं काम, याच स्टीलचं. वर विचारतात, "नवीन मटेरियल आहे, जमेल ना तुम्हाला?" माझे वडील रेल्वेत वॅगन दुरुस्तीला होते. आपल्या कोळशाच्या बॉक्सएन वॅगनी याच जातीच्या पत्र्याच्या! अमेरिकेतही १९३३ साली हे आलं तेव्हा आधी वॅगनींनाच लागलं, बिल्डिंगांना नंतर.

वडील म्हणायचे, बाजूचा पत्रा टिकतो, तळाचे कोपरे सडतात, कारण ओला कोळसा तिथे बसून राहतो. कुंडीतली माती वेगळं काय करणार? म्हणून मी म्हटलं, ३ मिमी घेऊ, आतून बिटुमेनचे, म्हणजे डांबराचे, दोन हात मारू, तळाला भोकं आणि खाली पाय देऊ. साहेबांनी २ मिमी ठरवला. पाय दिले तर म्हणे लुक जातो, आणि हे स्टील स्वतःला जपतं. कुंड्या थेट पांढऱ्या मार्बलवर ठेवल्या. पहिल्याच पावसात तांबडे ओघळ आले, ते आजही आहेत. पाचव्या पावसाळ्यात खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार.

मग खापर कुणावर? फॅब्रिकेटरने कॉर्टेनऐवजी साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा लावला म्हणे! पत्रा कळंबोलीहून टेस्ट सर्टिफिकेटसकट आणला होता. तांबं, क्रोमियम, निकेल, सगळं त्यावर छापलेलं. कागद अजून फाइलला आहे.

पत्र्याचा दोष नव्हताच. हवेत मीठ असलं की गंजाचा तो घट्ट थर धरतच नाही, पापुद्रे सुटत राहतात. होनोलुलूचं १९७५ चं अलोहा स्टेडियम याच स्टीलचं, समुद्राच्या हवेत तिथेही गंज थांबला नाही. तिथे काय माझ्या पोरांनी वेल्डिंग केलं होतं?

तेव्हा कॉर्टेनच्या कुंड्या नकोच, गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेल्या) पत्र्यावर त्या रंगाचं पावडर कोटिंग करून घ्या. हां, खाडीपासून लांब असाल तर कॉर्टेनची उभी जाळी किंवा पॅनल चालेल. पण उघड्यावर लावा. छज्ज्याखाली मीठ पावसाने धुतलं जात नाही, तिथे जास्त खातं. आणि वेल्डिंगचा रॉड कॉर्टेनला जुळणाराच मागा. साध्या रॉडची शिवण वेगळ्या रंगाची दिसते, मग पुन्हा म्हणायला मोकळे की फॅब्रिकेटरने फसवलं.