ऑलिव्हच्या मनगटातली कडी

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. कॉमिक्समधल्या वंडर वुमन या नायिकेचं तिला वेड आहे. तिचं मोठं चित्र पलंगाच्या वर लावलंय. परवा त्या नायिकेच्या निर्मात्यावरचा सिनेमा पाहिला आणि मन विटलं. बायको असताना दुसरीला घरात आणून ठेवणारा माणूस! आता ते चित्र भिंतीवर नको वाटतं. काय करू? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चित्र काढायच्या आधी त्यातले हात नीट बघ. दोन्ही मनगटांत रुंद कडी आहेत, बंदुकीच्या गोळ्या त्यांच्यावर आपटून परततात. तशी कडी ऑलिव्ह बर्न, म्हणजे सिनेमातली ती ‘दुसरी’, खरोखर घालायची. तिला लग्नाची अंगठी घालता येत नव्हती. तिच्या जागी ही कडी.

वंडर वुमनचा निर्माता विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटं ओळखण्याची पद्धत त्याने मांडली. वंडर वुमनच्या हातातली खरं बोलायला लावणारी दोरी आठव. पण राग आला की रक्तदाब चढतो, हे त्याची बायको एलिझाबेथ हिने सुचवलं, असं त्यांचा मुलगा सांगायचा. एलिझाबेथ स्वतः वकिलीची पदवीधर, 1918 सालची. 1925 मध्ये मार्स्टन टफ्ट्स कॉलेजात शिकवायला गेला, तिथे ऑलिव्ह त्याची विद्यार्थिनी होती. पुढे ती या घरात राहायला आली. तू लिहितेस ते इथवर खरंच आहे.

पुढचं मात्र घरातल्या बायकांकडे बघून वाच. चार मुलं झाली, दोन एलिझाबेथची, दोन ऑलिव्हची. मार्स्टनची नोकरी काही टिकेना. एलिझाबेथ विमा कंपनीत कामाला जायची, तिच्या पगारावर घर चालायचं. चारही मुलांचं खाणंपिणं, आजारपण ऑलिव्हने केलं. हे वाचताना मला आमचं शुक्रवार पेठेतलं घर दिसलं. आई शाळेत मास्तरीण, आणि आम्हा भावंडांना वाढवलं ते विधवा आत्याने. मला गोवर निघाला तेव्हा रात्रभर उशाशी आत्या होती. पहाटे आई तिला चहा करून द्यायची आणि साडी बदलून शाळेला निघायची. दोघींपैकी एक नसती तर आम्ही शिकलो नसतो. एलिझाबेथने पोटच्या लेकीचं नाव ऑलिव्ह अ‍ॅन ठेवलं. नुसती सवत मानली असती तर तिचं नाव कुणी लेकीला देतं का?

त्या दोघींमध्ये प्रेमसंबंध होते असं सिनेमा दाखवतो. मार्स्टनच्या नातीने त्याला हरकत घेतली आहे. मी त्यात पडत नाही. मार्स्टन 1947 मध्ये वारला, त्यानंतर 1990 मध्ये ऑलिव्ह जाईपर्यंत दोघी एकत्र राहिल्या, एवढं मला पुरतं. एलिझाबेथने 1993 मध्ये शंभरी गाठून डोळे मिटले.

मला खरा राग आहे तो खोटेपणाचा. ऑलिव्ह विधवा आहे असं जगाला सांगितलं गेलं. त्यासाठी विल्यम रिचर्ड नावाचा एक नवरा रचला गेला. मार्स्टन दांपत्याने तिच्या मुलांना रीतसर दत्तक घेतलं, पण आपण ज्याच्या घरात वाढलो तोच आपला जन्मदाता, हे त्या मुलांना मोठेपणी कळलं. आमची आत्या कोण हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. ऑलिव्हला मात्र स्वतःच्या मुलांसमोर खोटं जगावं लागलं. हे मला माफ करवत नाही.

आणि ही नायिका जन्मली त्यात ऑलिव्हच्या लेखणीचाही वाटा आहे. 1940 मध्ये ‘फॅमिली सर्कल’ मासिकात तिने ऑलिव्ह रिचर्ड या नावाने कॉमिक्सबद्दल मार्स्टनची मुलाखत छापली, जणू परक्या विद्वानाच्या घरी ती पाहुणी गेली होती. ती वाचून प्रकाशक मॅक्स गेन्सने त्याला सल्लागार नेमलं, आणि 1941 च्या अखेरीस वंडर वुमन छापून आली.

ऑलिव्ह कुणाची मुलगी, हेही कळू दे. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर. दोघी बहिणींनी 1916 मध्ये ब्रुकलिनला संततिनियमनाचा दवाखाना उघडला. एथेलला तुरुंगात टाकलं तेव्हा तिने अन्नत्याग केला. याच सँगरबाई 1935 च्या डिसेंबरात आपल्या वर्ध्याला गांधीजींशी वाद घालायला आल्या होत्या. र. धों. कर्व्यांनी मुंबईत 1921 मध्येच तसलं केंद्र काढलं होतं. वंडर वुमन साखळदंड तोडते, त्यामागे मताचा हक्क मागणाऱ्या बायकांची चित्रं आहेत. त्या गोष्टींत तिला वारंवार बांधलेलं दाखवतात, त्यावर तेव्हाच तक्रारी झाल्या होत्या आणि त्या मला पटतात. जुने अंक मुलीच्या हाती दिलेस तर सोबत बसून वाच.

चित्र राहू दे. आत्ता तिला कड्यांची, एथेलच्या उपासाची आणि नोकरी करून घर चालवणाऱ्या एलिझाबेथची गोष्ट सांग. ऑलिव्ह त्या घरात कोण होती हे ती विचारेल, दहावीत विचारेल किंवा उद्याच. तेव्हा विधवा होती म्हणून सांगू नकोस.