तुमचे प्रश्न : ‘आता परत येऊ नका’ म्हणणारे डॉक्टर

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, मला रेटिनायटिस पिगमेंटोसा (आरपी, डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होत जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे. आईलाही हेच असणार पण तिच्या वेळी कोणी नाव सांगितलं नाही, रातांधळेपणा एवढंच म्हणायचे. मध्यंतरी डोळ्यांच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी मशीनवर बघितलं आणि मान वर न करताच म्हणाले, आंधळ्या होणार तुम्ही, याला जगात इलाज नाही, परत परत येऊन वेळ घालवू नका, आणि मुलंबाळं होऊ देऊ नका. मी काही विचारायच्या आत पुढच्या पेशंटला बोलावलं. तेव्हापासून कुठल्याच डॉक्टरकडे जायची इच्छा उरली नाही. हल्ली वाचताना मधलीच अक्षरं पुसट होतात, पण जाऊन उपयोग काय?

उत्तर : ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी ते पुसट अक्षरांचं. ते लगेच दाखवा, त्या डॉक्टरांना नको तर दुसऱ्यांना, पण दाखवा. मला हाच आजार आहे त्यामुळे लांबून सांगत नाहीये. आपल्या आजारात अंधारातलं आणि कडेचं दिसणं आधी जातं, मधली नजर बरीच वर्षं टिकते, म्हणून मधलं पुसट व्हायला लागलं की ‘झालं, आजार वाढला’ असं धरून घरी बसायचं नसतं. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी धरून सूज आलेली असू शकते, किंवा लेन्सच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरलेला असू शकतो. आरपीच्या पेशंटमध्ये दोन्ही गोष्टी बऱ्याचदा दिसतात आणि दोन्हीवर उपचार आहेत. सुजेवर थेंब किंवा गोळ्या देतात, सगळ्यांना सारखा गुण येत नाही पण अनेकांना येतो, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन आपल्यालाही करता येतं. सूज आहे का हे ओसीटी स्कॅनवर (यात डोळ्याच्या पडद्याची चित्रं काढतात) काही मिनिटांत कळतं, दुखत खुपत नाही. म्हणजे ‘परत येऊ नका’ हे बोलणं नुसतं उद्धट नव्हतं, उपचार म्हणूनही ते चूक होतं, आणि मला जास्त राग याचा येतो.

आता ‘आंधळ्या होणार’. हा आजार साधारण ४००० माणसांत एकाला असतो आणि प्रत्येकाचा वेग वेगळा, एकाच घरातल्या दोघांचाही वेगळा असू शकतो. नजर कमी होत जाते हे खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण पूर्ण काळोख बऱ्याच जणांना कधीच येत नाही, उजेड-सावली, हालचाल काहीतरी राहतं. एका तपासणीवरून कोणालाही तुमची तारीख सांगता येत नाही.

मुलांचं तर त्यांनी बोलायलाच नको होतं, निदान तेवढ्या माहितीवर. आरपीच्या मागे कितीतरी वेगवेगळी जीन्स (जनुकं) असू शकतात आणि आजार घराण्यात उतरायच्या तऱ्हाही वेगळ्या. आईला आणि तुम्हाला दोघींनाही असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता असलेला प्रकार असू शकतो, पण आईला खरंच हेच होतं का ते नक्की नाही, आणि दुसरे प्रकारही आहेत ज्यात जोडीदाराकडेही त्याच जीनमधला दोष असला तरच मुलाला आजार होतो. हे जीन टेस्ट केल्याशिवाय आणि घरातल्या माणसांची नीट माहिती घेतल्याशिवाय कळत नाही. त्यांनी आईबद्दल एक प्रश्न तरी विचारला का? जेनेटिक कौन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्यांकडे जा, ते आकडे समजावतात, मूल व्हावं की नाही हा निर्णय तुमचा आणि तुमच्या जोडीदाराचा. जीन माहीत असणं आणखी एका कारणासाठी हवं. आरपीई-६५ नावाच्या एका जीनमधल्या दोषासाठी अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरमध्ये जीन थेरपीला (म्हणजे त्या जीनची चांगली प्रत डोळ्यात सोडण्याच्या उपचाराला) मान्यता मिळाली. ती फार थोड्या लोकांना लागू पडते, तुम्हाला पडेलच असं नाही, पण ‘जगात इलाज नाही’ असं सरसकट म्हणायचे दिवस गेले.

सगळे डॉक्टर असे नसतात. काही जण मुळात उर्मट असतात, पण काही जणांना बरं न होणाऱ्या पेशंटसमोर काय बोलायचं तेच उमजत नाही, शिक्षण सगळं बरं करण्याचं, म्हणून ते पटकन वाक्य टाकून मोकळे होतात. कारण समजलं म्हणून ते माफ होत नाही. वाईट बातमी कशी सांगायची हे शिकता येतं. २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली गेली, त्यात पेशंटला आधी काय माहीत आहे ते विचारा, त्याला किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, मग त्याच्या भावनांना जागा द्या आणि पुढे काय करायचं ते ठरवूनच उठा, असं आहे. तेव्हा ‘त्यांचा स्वभावच तसा’ हे मला पटत नाही.

आणि वेळ नसतो म्हणतात ना, त्याचं सांगते. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं होतं, पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मधे तोडत होते. नंतर २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात डॉक्टरांना मधे बोलू नका असं सांगितलं, तर पेशंट सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट फक्त.

पुढच्या वेळी जाताना प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, तीनच, त्यातला सगळ्यात महत्त्वाचा पहिला. आणि बसल्या बसल्या सांगून टाका, ‘डॉक्टर, हा आजार बरा होत नाही हे मला माहीत आहे, मी आज वाचताना पुसट दिसतंय ते तपासायला आलेय, सूज किंवा मोतीबिंदू आहे का बघाल?’ या वाक्याने पुष्कळ डॉक्टरांचं अवघडलेपण जातं, कारण तुम्ही चमत्कार मागत नाही आहात हे त्यांना कळतं. सोबत कोणीतरी न्या, घाबरल्यावर निम्मं ऐकूच येत नाही. मधेच तोडलं तर ‘एक मिनिट, माझं वाक्य पूर्ण करते’ म्हणा, ओरडायची गरज नाही. रिपोर्टची कॉपी दर वेळी मागून घ्या, म्हणजे डॉक्टर बदलला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

बदलायचा का? एकदाच करायच्या ऑपरेशनला हात चांगला असेल तर मी तुसडा सर्जनही चालवून घेईन. पण आयुष्यभर ज्याच्याकडे जायचंय तो अपमान करणारा असेल तर बदला, कारण अपमान झालेला माणूस तपासणी टाळतो आणि मग सूज तशीच राहून जाते, तुमचंच बघा ना.

प्रश्न : माझ्या ८ वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू कमजोर होत जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे. डॉक्टर त्याच्यासमोरच म्हणाले की हे आईकडून आलंय, आणि हा काही फार वर्षं काढणार नाही. सासरी सगळे माझ्याकडे बघतात. मुलगा रात्री विचारतो, मी मरणार का?

उत्तर : वाचून पोटात कालवलं. दोष तुमचा नाही. या आजाराचं जीन एक्स क्रोमोसोमवर, म्हणजे मुलग्यांना आईकडून मिळणाऱ्या गुणसूत्रावर आहे, आणि माणसाच्या सगळ्यात मोठ्या जीन्सपैकी ते एक, त्यामुळे त्यात नवे बदल होत राहतात, साधारण तीनातल्या एका मुलामध्ये आईकडे काहीच नसतं, बदल नव्यानेच झालेला असतो. आणि तुम्ही कॅरियर (म्हणजे सदोष जीन पुढे देऊ शकणारी) निघालात तरी ते तुम्ही निवडलेलं नाही, सासरच्यांनाही हेच सांगा. पण टेस्ट करून घ्या, कॅरियर असलेल्या आईच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो आणि तिची तपासणी लागते. बोट दाखवणाऱ्या डॉक्टरांनी हे सांगितलं होतं का?

मुलासाठी मार्ग आहेत. स्टिरॉइडने मुलं काही वर्षं जास्त चालू शकतात, हृदय आणि श्वास वेळोवेळी तपासतात, पुढे रात्री श्वासाला मशीनचा आधार देतात, आणि या सगळ्यामुळे पूर्वी विशीच्या आसपास जाणारी मुलं आता अनेकदा तिशीपर्यंत, त्यापुढेही जगतात. पुढच्या व्हिजिटला आत जायच्या आधीच निरोप द्या की आयुष्याबद्दलचं बोलणं मुलगा बाहेर असताना करायचं, आणि ऐकलं नाही तर मुलाला घेऊन उठा. त्याला खोटं सांगू नका. ‘तुझे स्नायू कमजोर होतायत, त्यावर आपण औषध घेतोय, आत्ता तू मरणार नाहीयेस, आणि तुला काहीही विचारावंसं वाटलं तर मला विचार’ एवढं आज पुरे. तो उद्या पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा बोला.

प्रश्न : दुर्मिळ आजार आहे म्हणून दर वेळी डॉक्टर दहा-बारा विद्यार्थ्यांना बोलावतात, न विचारता कपडे बाजूला करून दाखवतात. नाही म्हटलं तर उपचार बंद करतील का?

उत्तर : विचारल्याशिवाय असं करायचंच नसतं, आणि नाही म्हटल्यामुळे उपचार थांबवणं हे वैद्यकीय नीतीत बसत नाही. विद्यार्थ्यांनी शिकावं असं मलाही मनापासून वाटतं, त्यातूनच उद्या कोणाचं तरी निदान लवकर होईल, म्हणून मधला मार्ग सांगते. डॉक्टरांनी आधी मला विचारावं, दोघांनीच यावं, त्यांनी नाव सांगावं आणि माझ्याशीही बोलावं, अशी अट घाला. कपडे उघडायचे असतील तर पडदा ओढा म्हणा. तरी ऐकत नसतील तर हॉस्पिटलच्या प्रमुखांना लेखी द्या, त्यात तारीख, झालेला प्रसंग आणि तुम्हाला काय बदल हवाय एवढंच लिहा, आणि पोच घेऊन एक प्रत स्वतःकडे ठेवा.