नोकरीत बाई म्हणून डावललं गेलं तर कोर्टात जाणाऱ्या बायकांना नेमक्या काय अडचणी येतात?

पुरावा. बाकीच्या अडचणी त्याच्या मागून येतात.

ज्या मुलाला मी काम शिकवलं त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मला कळलं ते पगारवाढीची एक्सेल शीट चुकून सगळ्या टीमला मेल झाली म्हणून. विचारायला गेले तर एचआरचा पहिला प्रश्न, "तुम्ही ती फाइल उघडलीतच का?" वकीलबाईंना कागद हवे होते. कागद कंपनीच्या ताब्यात, साक्षीदार कंपनीच्या पगारावर. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "तुझं खरं आहे गं, पण माझं नाव घेऊ नकोस." तिचा राग नाही, तिच्या घराचे हप्ते काही मी भरणार नव्हते. आणि इतकी वर्षं 'उत्तम' असलेल्या माझ्या अप्रेझलमध्ये अचानक 'टीमशी जुळवून घेत नाही' हे वाक्य उगवलं. पुढे कोर्टात 'आम्ही काम बघूनच पगार ठरवला' म्हणायला हाच कागद कामी येतो.

माझा आतेभाऊ स्वतः एचआरमध्ये आहे. भेटला की ऐकवतो, "एवढा अन्याय होत होता तर इतकी वर्षं गप्प का बसलीस?" अरे, माहीतच नव्हतं तर बोलणार काय? अमेरिकेत गुडइयरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या लिली लेडबेटरला आपला पगार पुरुषांपेक्षा कमी आहे हे एका निनावी चिठ्ठीमुळे कळलं, तेही निवृत्तीच्या तोंडावर. ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. २००९ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला, तिला मात्र दमडी मिळाली नाही.

जिंकताच येत नाही असं नाही. मॅकिनन मॅकेन्झीमधल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा १९८७ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. समान पगार परवडत नाही ही कंपनीची सबब तिथे चालली नाही.

मी स्वतः कोर्टापर्यंत गेले नाही. नोटिशीनंतर तडजोड झाली आणि वाच्यता करायची नाही ही त्यातली अट, म्हणून कंपनीचं नाव विचारू नका. तुम्ही मात्र जे विचाराल ते मेलवर विचारा, अप्रेझलच्या प्रती जपा. हो, कंपनीच्या गोपनीय फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तेच उलट तुमच्यावर शेकतं. आणि तक्रारीची मुदत प्रत्येक कायद्यात वेगळी असते, वकिलाला आधी ती विचारा.

आतेभाऊ हे वाचत असेल तर पुढच्या भेटीत एवढंच सांग: 'पगार एकमेकांना सांगू नका' हा तुमच्या ऑफिसातला नियम कोणी लिहिला?