मच्छीवर दूध प्यायलं की कोड येतं का?

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, तिच्या गालावर पांढरट चट्टा आलाय. रविवारी आमच्याकडे बांगड्याचं कालवण असतं आणि रात्री ती दूध प्यायल्याशिवाय झोपत नाही. सासूबाई म्हणतात, मच्छीवर दूध पाजलंस म्हणून पोरीला कोड फुटलं. नवरापण गप्प. खरंच माझ्यामुळे झालं का हो? – एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, नाही. तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही, हवं तर हे घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, त्या पेशी गेल्या की तिथे पांढरं पडतं, यात ना बांगड्याचा दोष ना दुधाचा, आणि कोड एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. आणि मुळात हे कोडच आहे हे ठरवलं कोणी? लहान मुलांच्या गालावर फिकट, जरा खरखरीत चट्टे येतात ते बऱ्याचदा साध्या कोरड्या त्वचेचे असतात, आजूबाजूची कातडी उन्हाने रापली की जास्त उठून दिसतात आणि हळूहळू जातात. पण घरी बसून अंदाज नको, सायन, केईएम, नायर या मुंबईतल्या पालिकेच्या रुग्णालयांपैकी जिथे जमेल तिथे त्वचारोगाच्या ओपीडीत एकदा दाखवून या.

सासूबाई मनचं सांगत नाहीयेत बरं का. चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या 26व्या अध्यायात विरुद्ध आहार सांगितलाय, त्यात मासे-दूध आहे आणि त्यातून होणाऱ्या रोगांत किलास, म्हणजे कोडही आहे. पण त्याच अध्यायात पुढे असंही म्हटलंय की ज्याला सवय आहे, जो थोडंच खातो, ज्याचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, चांगला आहे, जो तरुण आहे, त्याला हे बाधत नाही. हा भाग घराघरात कोणी सांगतच नाही, भीती तेवढी पुढे जाते. तिकडे बंगाली घरात दोई माछ, म्हणजे दह्यातले मासे, हौसेने करतात.

मला खरी काळजी वाटते ती शिळ्या बांगड्याची. बांगडा बर्फाशिवाय राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं, ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून, तळून, कशानेच जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि रात्री दूध प्यायलेलं असलं की नाव दुधाचं! म्हणून संध्याकाळी स्टेशनबाहेर स्वस्तात वाटा मिळतोय म्हणून उचलू नका, कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत, चॉकलेटी पडले असतील तर सोडून द्या, डोळा फुगीर हवा, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं. घरी आणल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसायचं नाही.

एकत्र खरंच घेऊ नये असं म्हणाल तर रक्तवाढीची लोहाची गोळी आणि दूध किंवा चहा, लोह नीट शोषलं जात नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका, दूध सकाळी देऊन त्यांचं समाधान होत असेल तर सकाळी द्या. पण मासे किंवा दूध बंद करू नका, वाढत्या वयात पोरीला दोन्ही हवंय, आणि तिच्यासमोर कोड कोड म्हणणं आजपासून बंद, हे मात्र नवऱ्याने आपल्या आईला सांगायचं.